वजनकाट्याला स्नायू दिसत नाहीत

२००४ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांची एक छोटीशी नोंद छापून आली, सोबत दोघांचं छायाचित्र. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. वजन-उंचीच्या नेहमीच्या तक्त्यात दोघांनाही ‘सामान्य’ असाच शेरा मिळाला असता. अंगातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. दोघांची आडनावं इंग्रजी ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून हा प्रकार ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने मधुमेहतज्ज्ञांच्या तोंडी बसला.

त्या नोंदीत एक मिश्कील तपशीलही होता. युडकिन मॅरेथॉन धावणारे, तर याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत तिथे पोचण्यासाठी केलेली धावपळ. हे वाचून चालणाऱ्या-धावणाऱ्यांचा पक्ष लगेच म्हणेल, बघा, लागला निकाल! पण त्याच नोंदीत याज्ञिकांच्या जन्माच्या वेळच्या कमी वजनाकडेही बोट दाखवलं होतं, आणि खरी गोम तिथे आहे. पुण्याजवळच्या काही खेड्यांत १९९३ पासून त्यांच्या गटाने गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळाचं ३.५. आपलं बाळ सगळ्याच बाबतीत लहान, हे कुणीही सांगेल. पण ते सगळीकडे सारखं लहान नव्हतं. स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत ते बरंच मागे होतं. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्लिश बाळाएवढीच. म्हणजे पोटात असतानाच टंचाईचा हिशेब झाला, आणि त्यात चरबी राखली गेली, स्नायूंवर काट मारली गेली.

‘अंगाने बारीकच आहे हो, फक्त पोट सुटलंय,’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहज बोललं जातं की त्यात काही निदान दडलंय असं वाटतही नाही. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा, ही आपली पिढीजात ठेवण. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांतही हेच दिसतं: बीएमआयने मोजला तर लठ्ठपणा २८.६ टक्के लोकांत, आणि कंबरेला टेप लावून मोजला तर ३९.५ टक्क्यांत. दरम्यानच्या अकरा टक्के लोकांना वजनकाटा काही सांगत नाही. पँटचं बक्कल सांगतं.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून मग त्या नेहमीच्या वादाकडे यावं. चरबी उतरवायला काय चांगलं, चालणं-धावणं-सायकल, की वजनं उचलणं? व्यायामशाळेतला तरुण प्रशिक्षक म्हणतो, चालून काही होत नाही, स्नायू कमवा, ते झोपेतही चरबी जाळतात. टेकडीवरचे नियमित लोक म्हणतात, वजनं-बिजनं पोरांची कामं, रोज पाच किलोमीटर चाला आणि बघा. माझं मत आधीच सांगून टाकतो: निव्वळ जाळण्याच्या स्पर्धेत टेकडीवाले जिंकतात. तरीही आपल्यासारख्यांनी, म्हणजे खुर्चीत बसून पोट भरणाऱ्या शहरी आणि निमशहरी मराठी माणसांनी, आता वजनं उचलायला हवीत. या दोन वाक्यांत विसंगती वाटत असेल तर ती प्रश्न मांडण्याच्या पद्धतीत आहे. (उसाच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या माणसासाठी हा लेख नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या आणि कितीतरी गंभीर आहेत.)

आधी टेकडीवाल्यांचं श्रेय त्यांना देऊ. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. वजन जास्त असलेली, बैठं काम करणारी माणसं घेतली, त्यांचे तीन गट केले. एकाने फक्त चालणं-धावणं-सायकल असा दमछाकीचा व्यायाम करायचा, दुसऱ्याने फक्त वजनं उचलायची, तिसऱ्याने दोन्ही. आठ महिने. आहार बदलायचा नाही. दमछाकीच्या गटाची चरबी सरासरी पावणेदोन किलोच्या आसपास उतरली. वजनं उचलणाऱ्यांची चरबी म्हणावी तशी हललीच नाही. त्यांच्या अंगावर किलोभर नवं मांस मात्र चढलं. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही मिळालं, पण त्यांनी वेळही जवळपास दुप्पट घातला, आणि चरबीच्या बाबतीत ते नुसत्या दमछाकवाल्यांच्या फार पुढे गेले असं ठामपणे म्हणता येईना. याच गटाच्या दुसऱ्या एका निबंधात पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणाऱ्या आणि यकृतात शिरणाऱ्या चरबीचं मोजमाप होतं. मधुमेहाच्या दृष्टीने हीच सगळ्यात वाईट. तीही दमछाकीच्या व्यायामाने घटली, नुसत्या वजनांनी नाही. हृदयाचा आणि फुफ्फुसांचा दम वाढवण्यातही चालण्या-धावण्याला तोड नाही. व्यायामशाळेच्या दारावर ‘कार्डिओ विसरा’ असं लिहिणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

पण मघाचा आकडा पुन्हा बघा. आठ महिने घाम गाळून पावणेदोन किलो. जिंकलेल्या गटाची ही कमाई!

याचं गणित अवघड नाही. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सत्तर किलोचा माणूस तासाभरात पाच किलोमीटर चालला तर अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. त्यातल्या सत्तर तर तो घरी पेपर वाचत बसला असता तरी गेल्याच असत्या. म्हणजे चालण्याची निव्वळ मिळकत पावणेदोनशे. एक किलोसाठी रोज, न चुकता, दीड महिना. आणि तेही खाणं तिळमात्र न वाढवता. आता टेकडी उतरल्यावरची दृश्यं आठवा. चौकातल्या हॉटेलाबाहेर ट्रॅकसूट घातलेल्यांची रांग, स्टीलच्या ताटलीत तर्री, वर शेव, शेजारी दोन पाव, शेवटी कटिंग. मिसळीचं ते ताट चारशे कॅलरीच्या खाली क्वचितच येतं. आणि हा माणसाचा चवचालपणा म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. अंगमेहनत वाढली की भूक वाढते, आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात माणूस नकळत कमी हालचाल करतो. हर्मन पाँत्झर या मानवशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा या शिकारी जमातीचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकाराचा हिशेब धरता तो पाश्चात्त्य शहरी माणसापेक्षा वेगळा निघाला नाही. दिवसभर रानात भटकणारी माणसं ती! शरीर आपला एकूण खर्च बऱ्यापैकी आवळून धरतं.

तासभर वजनं उचलून यापेक्षा जास्त जळत नाही, बरेचदा कमीच जळतं, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये बसून राहावं लागतं. आणि ते ‘झोपेतही चरबी जाळणारे स्नायू’? एक किलो स्नायू विश्रांतीच्या अवस्थेत दिवसाला तेराच्या आसपास कॅलरी खर्च करतो. वर्षभर नेटाने मेहनत करून दोन किलो स्नायू चढवले, आणि ते सोपं नाही, तर रोजचा जादा खर्च सव्वीस कॅलरी. एक मारी बिस्किट. व्यायामशाळांचा सगळा प्रचार ज्या खांबावर उभा आहे तो इतका बारीक आहे. अंगातला खरा खर्चिक कारभार मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं चालवतात, आणि त्यांना डंबेल्सनी वाढवता येत नाही.

तेव्हा चरबी उतरवायचं काम मुख्यतः ताटातच होतं. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. पण एकदा ते मान्य केलं की व्यायामाचा प्रश्न मोकळा होतो. ताट कमी केल्यावर वजन उतरणारच. मग ते उतरताना अंगातलं नेमकं काय जातं, हा खरा प्रश्न. शरीराला ऊर्जेची तूट पडली की ते फक्त चरबीच वापरतं असं नाही, स्नायूही मोडून खातं. काट्यावर दोन्ही किलोच.

यावर थेट प्रकाश टाकणारा प्रयोग २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पासष्टच्या पुढची, लठ्ठ असलेली १६० माणसं. व्यायाम करणाऱ्या तिन्ही गटांना खाणं कमी करायला लावलं, सहा महिने. एक गट दमछाकीचा, एक वजनांचा, एक दोन्हींचा. वजन तिन्ही गटांत सारखंच उतरलं, नऊ टक्के. काट्यापुरतं बघितलं तर तिघेही बरोबरीत. पण स्नायू आणि इतर बिनचरबीचं वजन दमछाकीच्या गटात पाच टक्के घटलं, वजनांच्या गटात दोन टक्के, दोन्ही करणाऱ्यांत तीन टक्के. आणि खुर्चीतून उठणं, जिना चढणं, तोल सांभाळणं अशा रोजच्या कामांची चाचणी घेतली तेव्हा दोन्ही करणारे सगळ्यात पुढे होते. ड्यूकच्या प्रयोगात हरलेली वजनं इथे अशी जिंकली, कारण इथे चरबी उतरवायची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. ती ताटाने उचलली होती.

पासष्टीच्या अमेरिकन माणसाकडे स्नायूंची मूळ शिल्लक तरी बरी असते. आपण जन्मतःच काट बसलेले. तिशीनंतर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू आपोआप झडतात, हे सगळ्यांनाच लागू. पण ज्याच्याकडे मुळातच थोडं होतं त्याला ते आधी जाणवणार. त्यात आपली वजन कमी करायची रीत अशी की रात्रीचं जेवण बंद, सोमवार-गुरुवार उपास, आणि सकाळी तासभर चालणं. म्हणजे प्रथिनं आणखी कमी, आणि स्नायूंना ‘तुमची इथे गरज आहे’ असं सांगणारं कुणीच नाही.

असे काका प्रत्येक सोसायटीत असतात. निवृत्त, शिस्तीचे, रोज पहाटे मैदानाला फेऱ्या. वर्षभरात आठ-नऊ किलो उतरवलेले, सगळीकडे कौतुक. चेहरा ओढला जातो, शर्टाचे खांदे लोंबतात, पँटला मागे चुण्या पडतात. पोट? पोट थोडं कमी झालेलं असतं, गेलेलं नसतं. सत्यनारायणाच्या प्रसादाला पाटावर बसले की उठताना डाव्या हाताने भिंत शोधतात, उजवा हात गुडघ्यावर. ‘काका, हात न टेकता उठता येतं?’ असं विचारलं तर हसून म्हणतात, ‘अरे, वय झालं आता.’ रोज सहा किलोमीटर चालणारा माणूस हे सांगत असतो. ब्राझीलच्या डॉ. क्लाउडिओ गिल अराउजो यांनी जमिनीवर बसून उठण्याची हीच परीक्षा ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांवर करून पाहिली. ज्यांना हात-गुडघ्यांचा आधार जास्त लागला, त्यांच्यात पुढच्या वर्षांतलं मृत्यूचं प्रमाणही जास्त निघालं. हात टेकल्याने माणूस मरतो असं नाही, हे सांगायला नको. पण पायांतली ताकद गेली आहे याचा तो दाखला असतो. आपल्याला तर या परीक्षेसाठी प्रयोगशाळाही लागत नाही. पंगत पुरते.

मधुमेहाच्या संदर्भात स्नायूंचं महत्त्व आणखी वाढतं. जेवल्यावर रक्तात आलेली साखर इन्सुलिनच्या हुकमावरून जिथे नेऊन ठेवली जाते, त्यातलं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे आपले स्नायू. गोदाम लहान, त्यातही बसून बसून दारं गंजलेली, आणि ताटात भात-पोळी-साबुदाणा असा माल रोज येतोय. मग तो यकृतात आणि पोटात जाऊन पडणार. चालण्याने दारं उघडतात, यात शंका नाही. जेवणानंतरची पंधरा मिनिटंही उपयोगी पडतात. पण गोदाम वाढवायचं काम चालण्याने होत नाही.

२०२५ मध्ये भूक मारणारी नवी इंजेक्शनं भारतात रीतसर आली: मार्चमध्ये टिर्झेपाटाइड, जूनमध्ये वजनासाठीचं सेमाग्लुटाइड. परवडणारी घरं ती घेऊ लागली आहेत. सेमाग्लुटाइडच्या मूळ चाचणीत काही रुग्णांच्या शरीराची घटकवार मोजणी केली होती. उतरलेल्या वजनात सुमारे दोन-पंचमांश वाटा चरबीबाहेरच्या ऊतींचा होता. ते सगळंच स्नायू नसतं, त्यात पाणी आणि इतर ऊतीही येतात, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण ज्याच्या अंगावर मुळात मांस कमी त्याने पंधरा किलो उतरवताना कशाचा बळी जातोय हे न बघणं धोक्याचं. इंजेक्शनाने चालण्याचं ‘कॅलरी जाळायचं’ काम जवळजवळ अनावश्यक केलं. वजनं उचलायचं काम मात्र आणखी गरजेचं केलं.

मग आपण चालतोच का नुसते? याचं उत्तर शरीरशास्त्रात कमी आणि आपल्या समाजात जास्त आहे. चालायला पैसे लागत नाहीत, शिकावं लागत नाही, साडीवर स्पोर्ट्स शूज घालून चालता येतं, गप्पा होतात, घाम फार येत नाही, आणि मुख्य म्हणजे ते सभ्य आहे. ताकद कमावणं आपल्या पांढरपेशा वर्गाने कधीतरी असभ्य ठरवलं. आणि हे नेहमीच असं नव्हतं, हे मला जास्त टोचतं. अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं; १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याचं पथक तिथे जाऊन मल्लखांब दाखवून आलं. पुण्यात १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ, पुढच्या वर्षी मुंबईत दादरला समर्थ व्यायाम मंदिर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रचार करत हिंडले. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी व्यायामाचा मराठी ज्ञानकोश खंडाखंडाने काढला. आज कुठल्या भाषेत एवढं काम कुणी अंगावर घेईल? त्या काळी शाळामास्तर, वकील, कारकून यांनाही जोर-बैठका काढणं आपल्या पदाला न शोभणारं वाटत नव्हतं. राजकारण होतं त्यामागे, परक्या सत्तेपुढे दुबळं दिसायचं नव्हतं. स्वातंत्र्य आलं, नोकऱ्या आल्या, आणि तालीम हळूहळू फक्त पैलवानांची उरली. त्यातही बायकांना ती जवळपास बंदच.

१९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं आणि जगभर धावण्याची लाट उठली. ती आपल्याकडेही पोचली: १९८३ पासून पुण्याची मॅरेथॉन, २००४ पासून मुंबईची. लाट चांगलीच होती. फक्त तिने व्यायामाचा अर्थ दमछाक एवढाच केला. पुढे ताकदीचा व्यायाम परत आला तो वातानुकूलित व्यायामशाळांतून, सिनेनटांच्या पोटावरच्या चौकटी घेऊन, आणि प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकत. पन्नाशीच्या बाईला त्या आरशांच्या खोलीत पाऊल टाकावंसं वाटलं नाही तर दोष तिचा नाही. म्हणजे एका बाजूला लाल मातीतला पैलवान, दुसऱ्या बाजूला पडद्यावरचा नट. यांच्या मधे साध्या माणसासाठी ताकदीची जागाच राहिली नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर, ‘वजनं उचलली की अंग पुरुषी होतं’ ही भीती साफ निराधार आहे. स्नायू तसे फुगायला जे संप्रेरक लागतं ते स्त्रीच्या शरीरात पुरुषाच्या तुलनेत फारच थोडं असतं. मुलीला तसं अंग कमवायचं असेल तर तिला वर्षानुवर्षं त्यासाठीच घालवावी लागतात. उलट पाळी गेल्यानंतर हाडं आणि स्नायू दोन्ही वेगाने उतरू लागतात आणि तेव्हाच त्यांच्यावर भार पडायला हवा. ‘दिवसभर घरात राबते, आणखी कशाला व्यायाम?’ हाही नेहमीचा प्रश्न. पूर्वीच्या घरकामात जातं होतं, मुसळ होतं, विहिरीवरचा रहाट होता. त्या बायकांचे दंड भक्कम होते, आणि पोटं अर्धी रिकामी, हेही विसरू नये. त्या दिवसांचे गोडवे गायचं मला कारण नाही. पण मिक्सर आणि नळ आल्यापासून घरकामात दमणूक उरली आणि जोर गेला.

मग काय करायचं? तालमीच्या भाषेत सांगायचं तर जोर आणि बैठका पुरेशा, पण एका दुरुस्तीसह. पैलवान पाचपाचशे बैठका मारतो तेव्हा तो दम आणि चिकाटी कमावत असतो. ताकद वाढवायची तर बैठकांची संख्या वाढवत नेण्यापेक्षा भार वाढवावा लागतो. जुन्या तालमींना हे ठाऊक होतं, म्हणून तिथे हलक्या मुद्गलापासून जडापर्यंतची रांग असायची. नियम एवढाच: दहा-बाराव्या खेपेला ‘आता पुढची निघणार नाही’ असं वाटलं पाहिजे, ते सोपं झालं की भार थोडा चढवायचा. सुरुवात खुर्चीवरून हात न लावता उठण्याने करा. मग हातात पाच किलोची तांदळाची पिशवी धरून. भिंतीवर जोर, मग ओट्यावर, मग जमिनीवर. जमिनीवरून जड वस्तू पाठ सरळ ठेवून उचलणं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणं, बारला लोंबकळणं. आठवड्यात दोन दिवस, अर्धा-पाऊण तास. उचलताना श्वास कोंडायचा नाही. रक्तदाब, हृदयविकार, गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. उशीर झाला असं कुणाला वाटत असेल तर १९९० मध्ये बोस्टनच्या डॉ. मारिया फियातारोने यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आजी-आजोबांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांची ताकद अडीचपटीच्या वर गेली.

खाण्याचं एकच सांगतो. सकाळी पोहे, दुपारी पोळ्या, भाजी, वरण-भात, चारला चहा-बिस्किट, रात्री खिचडी: या दिवसात प्रथिनं पन्नास ग्रॅमपर्यंत कशीबशी पोचतात, आणि वजन उतरवायला ताट कमी केलं की तीही घटतात. ताटातून कापायचं ते भात, साखर आणि तेल. दही, अंडी, मासे, डाळ, उसळ, सोयाबीन यांना हात लावायचा नाही, उलट वाढवायचं. डब्यातली भुकटी बहुतेकांना लागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूत्रांत ती टाळायलाच सांगितलं आहे.

चालणं सोडा, असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पोटाच्या आतल्या चरबीसाठी, हृदयासाठी, डोकं ठिकाणावर राहण्यासाठी ते हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमछाक आणि आठवड्यातले किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, अशी दोन्ही कलमं आहेत. आपल्याकडे दवाखान्यात पहिलं सांगितलं जातं, दुसरं गाळलं जातं. वेळ दोहोंपैकी एकालाच असेल तर? पोट सुटलेल्या, पण हातापायांत अजून जोर असलेल्या पस्तिशीच्या माणसाने पळावं. हातपाय बारीक झालेल्या पन्नाशीच्या माणसाने चालण्यातले दोन दिवस कापून वजनांना द्यावेत. आणि यश काट्यावर मोजू नये. कंबरेला टेप लावावा: पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांनी ८० च्या आत.

राहिली महापालिकेची गोष्ट. गेल्या काही वर्षांत बागाबागांतून ‘ओपन जिम’ बसल्या. निळी-पिवळी यंत्रं, वर नगरसेवकाचं नाव. सकाळी सात वाजता जाऊन बघा: दोन काकू लोंबत्या पायपट्ट्यांवर उभ्या राहून पाय मागेपुढे झुलवताहेत, आणि गप्पांत खंड नाही; एक आजोबा चकती फिरवताहेत; छातीसाठीच्या यंत्रावर शाळेतला पोरगा बसून मोबाइल बघतोय. यातल्या बहुतेक यंत्रांवर भार वाढवायची सोयच नाही. जे पहिल्या दिवशी सोपं ते वर्षभराने आणखी सोपं. सांधे मोकळे होतात, करमणूक होते, ताकद वाढत नाही. त्याच पैशांत वेगवेगळ्या उंचीचे लोखंडी बार, जोरासाठी कमीजास्त उंचीचे कट्टे, साखळीने बांधलेले पाच ते वीस किलोचे मुद्गल, आणि सकाळी दोन तास शिकवायला एक माणूस एवढं सहज बसेल. असा माणूस जवळच्या तालमीत बहुधा मिळेलही. पुढच्या वेळी तुमच्या प्रभागात अशी निविदा निघेल तेव्हा नगरसेवकाकडे हे लेखी मागा, आणि मागणाऱ्यांत निम्म्या बायका असू द्या.